देलाक्रुआची मोरोक्कोची चित्रं 'जागेवरची' नाहीत
एक मत असं की फ्रेंच चित्रकार देलाक्रुआनं मोरोक्कोची ही चित्रं तिथंच बसून रंगवली, म्हणून ती इतकी जिवंत आहेत. प्रवासाचा परिणाम मान्य, पण 'तिथंच बसून' हे पटत नाही. १८३२ साली फ्रान्सचा दूत काउंट मोर्ने याच्या शिष्टमंडळाबरोबर तो मोरोक्कोत फिरला तो लहान वह्या घेऊन. पेन्सिलीच्या भराभर रेषा, शेजारी रंगांची नावं चक्क अक्षरात लिहिलेली आणि जमेल तिथं जलरंगाचे हात. तैलरंग बरोबर नेणंही सोपं नव्हतं: त्याच्या पत्र्याच्या ट्यूबचं पेटंटच १८४१चं. त्याआधी रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे. रंग काढायला पिशवी टोचली की आतला माल सुकायला लागायचा. मोठे कॅनव्हास त्यानं पॅरिसला परतल्यावर केले.

त्यामुळे मधल्या काळात चित्र बदलायला भरपूर वाव होता. मोरोक्कोतल्या मेक्नेस शहरात सुलतान अब्द अर-रहमान शिष्टमंडळाला भेटला २२ मार्च १८३२ला. त्यावरचं, फ्रान्समधल्या तुलूझच्या संग्रहालयातलं भलंमोठं चित्र आहे १८४५चं. सुरुवातीच्या कच्च्या चित्रात (ते फ्रान्समध्येच, दिजाँला आहे) मोर्ने दिसतो. अंतिम चित्रात सगळे फ्रेंच गायब! दरम्यान १८४४मध्ये फ्रान्स आणि मोरोक्कोचं युद्ध होऊन गेलं होतं, हे विसरू नका.