मदत हवी आहे: महिला फुटबॉल लीगची ताकद मोजायची कशी?

इंग्लंडची डब्ल्यूएसएल, स्पेनची लीगा एफ आणि अमेरिकेची एनडब्ल्यूएसएल यांत सर्वांत तगडी कोणती, हे आकड्यांवरून ठरवायचा प्रयत्न करते आहे. मला अव्वल क्लब नको, वरपासून तळापर्यंतच्या संघांची एकूण पातळी हवी आहे.

युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचे, क्लबांच्या निकालांवरून काढलेले गुणांक पाहिले. ते युरोपातल्या स्पर्धांपुरतेच, म्हणजे अमेरिका बाहेर. शिवाय एकच क्लब सगळ्या लीगला वर खेचतो. 2023-24 मध्ये बार्सिलोनाने लीगमधले 30 पैकी 29 सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला. बार्सिलोना जबरदस्त आहेच, पण बाकीच्या 15 संघांचं काय? उलट 2025 मध्ये आठव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये आलेला गॉथम एनडब्ल्यूएसएल जिंकून गेला. केवढी चुरस! पण चुरस म्हणजे ताकद नव्हे.

एलो रेटिंगही (प्रतिस्पर्ध्याची ताकद धरून दर सामन्यानंतर वर-खाली होणारे गुण) करून पाहिलं. दोन्ही खंडांतले क्लब एकमेकांशी अधिकृत सामने इतके कमी खेळतात की आकडे जुळवायला दुवाच सापडत नाही. वर्ल्डकप संघांतल्या खेळाडू मोजल्या, तर क्लबच्या बाकावर बसणाऱ्याही त्यात आल्या.

आता लीग बदललेल्या खेळाडूंची आधीची आणि नंतरची कामगिरी ताडून पाहणार आहे. कोडिंग येत नाही, स्प्रेडशीट नीट चालवता येते. डेटा फुकटचाच हवा. गोल करणाऱ्यांचं जमेल. बचावपटू आणि गोलकीपरसाठी काय मोजू? आणि दोन्ही लीगमध्ये किमान किती मिनिटं खेळलेली खेळाडू हिशेबात धरू?