मदत हवी आहे: नाइट शिफ्टवाले गैरहजर दाखवून राहिलं, पगार उद्या

हिंगणा_एचआर
मागच्या महिन्यापासून मस्टर बंद, बायोमेट्रिक थेट पेरोलला जोडलं. सी म्हणजे नाइट शिफ्टचे अर्धे लोक गैरहजर येऊन राहिले. उद्या ७ तारीख. लवकर सांगा.

पगारपत्रक
शिफ्टची वेळ? अर्धे म्हणजे कायम की ठेक्याचे? एका माणसाचे कच्चे पंच, म्हणजे मशीनवर नोंदलेल्या येण्या-जाण्याच्या वेळा टाका, रिपोर्ट नको.

बुटीबोरी_बाबू
भाऊ, बोटाचं मशीन काढा अन् फेसवालं लावा. चुना-सिमेंटात बोटं घासतात, मशीन वाचतच नाही.

पगारपत्रक
मग पंचच आला नसता. आधी पंच पाहू द्या.

हिंगणा_एचआर
१० ते ६. सगळे ठेक्याचेच.
सोम २१:५२
मंगळ ०६:०७, २१:५०
बुध ०६:०४
सोमवारी गैरहजर, मंगळवारी ७ तास ४३ मिनिटं ओव्हरटाइम!

पगारपत्रक
०६:०७ हा सोमवारचा आउट. सिस्टमने तो मंगळवारचा इन धरला अन् २१:५० ला आउट. झाले १५ तास ४३ मिनिटं, वजा ८. ओव्हरटाइम दुप्पट दराने जातो, हे आधी थांबवा.

वर्धा_रोड
दिवस बदलायची वेळ रात्री १२ ऐवजी पहाटे ४ करा. झालं काम.

पगारपत्रक
४ नं काय होणार? माणूस ६ नंतर निघतो. सगळ्यांनाच दुपारी १२ केलं तर ए शिफ्टचा सकाळी ६ चा इन आदल्या दिवसात जाईल. कायमवाल्यांची सी शिफ्ट बरोबर येते, म्हणजे शिफ्ट नीट बनली आहे. ठेक्याच्यांना ती लागलीच नाही, ते जनरल म्हणजे दिवसाच्या शिफ्टवर पडले. रोस्टर (कोणाला कोणती शिफ्ट, ती यादी) एक्सेलमधून चढवलं? कोड शून्यानं सुरू होतात?

हिंगणा_एचआर
हो, ००४१७ असे. कायमवाल्यांचे ‘पी’नं.

नवा_मेंबर
पीएफच्या यूएएन नंबरवरचं नाव आधारशी जुळत नाही, काय करावं?

वर्धा_रोड
वेगळा धागा काढा न बाप्पा.

पगारपत्रक
एक्सेलनं शून्यं खाल्ली. ४१७ नावाचा माणूस सापडला नाही, ओळ गळाली. अपलोडनंतरची एरर फाइल उघडा, सगळे त्यात दिसतील. कोडचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग कोड नव्यानं भरा. उडालेली शून्यं नुसत्या फॉरमॅटनं परत येत नाहीत. सीएसव्ही असेल तर डबल क्लिकनं उघडूच नका, पुन्हा उडतील. रोस्टर मागच्या महिन्याच्या १ तारखेपासून लावा, पेरोलचं लॉक काढून हजेरी परत प्रोसेस करा. पंच मात्र या महिन्याच्या १ तारखेच्या सकाळपर्यंतचे घ्या, नाहीतर शेवटची रात्र आउटविना लटकेल.

हिंगणा_एचआर
झालं! १५ तासवाले गेले. दोघं अजून गैरहजर दाखवते.

पगारपत्रक
कच्चे पंच आहेत त्यांचे?

हिंगणा_एचआर
नाही.

पगारपत्रक
मग सुपरवायझरला विचारा. खरंच आले नसतील.