मदत हवी आहे: ड्यू डेट उलटली, कळा नाहीत. आणून घ्याव्यात की थांबावं?

निरभ्र:
पहिलंच बाळंतपण आहे. आज ४० आठवडे ४ दिवस झाले आणि कळांचा पत्ता नाही. मधूनच पोट कडक होतं, सैल पडतं, बस. बीपी, शुगर ठीक, बाळाचं डोकं खाली, पाणी पुरेसं, एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची तपासणी) चांगली. पण पिशवीचं तोंड अजून बंद आहे, जाड आहे आणि मागच्या बाजूला आहे. डॉक्टर म्हणतात, ४१ पूर्ण झाले की भरती व्हा, जेल (तोंड मऊ करणारं औषध) लावून कळा आणू. मी 'विचार करून सांगते' म्हणून घरी आले.

घरात दोन तट पडलेत. आईचं म्हणणं, डॉक्टर सांगतात ते कर. सासूबाई म्हणतात, फळ पिकलं की आपोआप गळतं, घाई कसली? नवरा रोज संध्याकाळी नेटवर काहीतरी वाचतो आणि रोज मत बदलतो. जाऊबाईंना जेल लावलं, मग सलाईन, रात्रभर कळा आणि शेवटी सिझर. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

कळा आणल्या की सिझरची शक्यता वाढते हे खरं का? थांबलं तर नेमका धोका काय, आणि केवढा? स्वीपिंगने (तोंडातून बोट घालून पाण्याच्या पिशवीचा पडदा सैल करणं) काही होतं का? "डॉक्टरांचं ऐका" एवढंच लिहू नका प्लीज. ऐकणारच आहे, पण समजून ऐकायचंय.

चांदणवेल:
माझे ४१ उलटून गेले होते, कळा आपोआप आल्या, नॉर्मल झालं. थांब बिनधास्त.

टाकसाळ:
चांदणवेल, तुमचं छान झालं, आनंद आहे. पण "मला काही झालं नाही" हा सल्ला होत नाही हो.

निरभ्र, मी लेबर रूममध्ये नर्स आहे. एकेरी लिहिते, चालेल ना?

आधी फाइल काढ आणि पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी बघ. तारीख त्यावरून धरली आहे की फक्त शेवटच्या पाळीवरून? पाळी अनियमित असेल तर नुसत्या पाळीवरची तारीख चांगलीच मागेपुढे होऊ शकते, आणि मग ४१ हे ४१ नसतातच. सुरुवातीची सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर आलेली नवी तारीख मनावर घेऊ नकोस.

आता सिझरचं. जाऊबाईंचं झालं ते झालंच, पण सगळेजण तुलना चुकीची करतात. कळा आणलेल्या बाया एकीकडे आणि त्याच दिवशी आपोआप कळा आलेल्या दुसरीकडे, असं मांडलं तर दुसऱ्या जिंकणारच. तुझ्यापुढे तो पर्यायच नाही ना! त्या दिवशी कळा आणायच्या किंवा थांबायचं, एवढंच तुझ्या हातात आहे. थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणींना आपोआप कळा येतात. काहींचं बीपी चढतं, काहींचं पाणी कमी होतं, काहींच्या बाळाचे ठोके बिघडतात आणि मग घाईघाईत कळा आणाव्या लागतात किंवा थेट सिझर. अशी तुलना केली की चित्र उलटं दिसतं. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अहवाल) ३४ चाचण्या, २१ हजारांवर स्त्रिया होत्या. कळा आणलेल्या गटात सिझर वाढले नाहीत, थोडे कमीच झाले, आणि बाळ दगावण्याचं प्रमाणही कमी होतं.

धोका केवढा? त्याच आढाव्याच्या हिशेबाने एक बाळ वाचवायला सुमारे ५४४ जणींना कळा आणाव्या लागतात. म्हणजे थांबलेल्या बहुतेक जणींचं सगळं नीटच होतं, पण शून्य धोका नाही. स्वीडनमध्ये ४१ ला कळा आणणं आणि ४२ पर्यंत थांबणं यांची तुलना झाली (२०१९ ला छापली गेली). थांबलेल्या गटात ६ बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ४१ पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा आणाव्यात. त्याआधी सगळं ठीक असताना उगाच नकोत. तुझे डॉक्टर तेच सांगतायत. मी तरी ४१ ला होकार देईन.

मात्र तोंड बंद आहे, म्हणजे बिशप स्कोअर (तोंड कळांसाठी किती तयार आहे त्याचे गुण) कमी. पहिलटकरणीला असं असताना एक दिवस सहज जातो, कधी दोन. हे आधी कुणी नीट सांगत नाही आणि दुपारपर्यंत बाळ झालं नाही की बाहेरची मंडळी "काय झालं, काय झालं" करत दारात. बाळाचे ठोके ऐकायला पोटाला पट्टे बांधलेले असतात, कूस बदलली की सरकतात, ठोक्यांचा आवाज जातो आणि बाई घाबरते. तो पट्टाच असतो बहुतेक वेळा, तरी बेल मारायची.

डॉक्टरांना एक विचार: "फेल इंडक्शन", म्हणजे कळा आणण्याचा प्रयत्न फसला, असं तुम्ही कधी म्हणता? पाणी फोडून ऑक्सिटोसिन (सलाईनमधून द्यायचं कळांचं औषध) सुरू केल्यावर, आई आणि बाळ ठीक असतील तर निदान १२ ते १८ तास द्यायला हवेत असं मानतात. जाऊबाईंना किती मिळाले, कोण जाणे.

खडीसाखर:
स्वीपिंगचं सांगते. बोट आत जाण्याएवढं तोंड उघडं लागतं, तुमचं बंद असेल तर आज जमणार नाही. दुखतं बऱ्यापैकी, नंतर थोडं डाग लागल्यासारखं होतं. कळा आपोआप सुरू व्हायची शक्यता वाढते, खात्री नाही.

आणि ही टीप इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: आधीचं सिझर असेल तर वरचं गणित वेगळं. पिशवीवरचे जुने टाके फाटण्याचा धोका असतो, मिसोप्रोस्टॉल (कळा आणायचं एक औषध) चालत नाही.

टाकसाळ:
बरोबर. एक राहिलंच. "शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" यावर विश्वास ठेवू नकोस. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली की लगेच निघ, रात्रीचे दोन वाजले असले तरी. परवाची एनएसटी चांगली होती ती परवाची.

निरभ्र:
सगळ्यांचे आभार. फाइल काढली. पहिली सोनोग्राफी आणि पाळीची तारीख यांत एकाच दिवसाचा फरक आहे, म्हणजे ४१ खरे. डॉक्टरांशी बोलले, बारा-अठरा तासांचंही विचारलं, शांतपणे उत्तर दिलं त्यांनी. मधल्या दिवसांत पुन्हा एनएसटी आणि पाणी बघणार, तोंड उघडलं असेल तर स्वीपिंग, नाहीतर ठरल्या दिवशी भरती. जेलऐवजी फुगाही (तोंड हळूहळू उघडायला आत ठेवतात तो, नळीवरचा) लावता येईल म्हणाले, औषध नसल्यामुळे कळा एकदम जोरात येण्याची भीती कमी. सासूबाईंना आकडे दाखवले. पटलं असं म्हणाल्या नाहीत, पण बॅग त्यांनीच भरली.

फुगा लावल्यावर पडूनच राहावं लागतं का?

टाकसाळ:
नाही, चालता-फिरता येतं, बाथरूमलाही जाता येतं. नळी मांडीला चिकटवलेली असते. तोंड तीनेक सेंटिमीटर उघडलं की फुगा आपणहून बाहेर येतो; घाबरून ओढू नकोस, सिस्टरला हाक मार.