ज्वारीत पडलेलं गोल रिंगण: कुणी असलं तपासलंय का?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात आमची चार एकर मालदांडी ज्वारी आहे, दाणा भरत आलाय. रविवारी पहाटे पाखरं राखायला माळ्यावर चढलो, तर रानाच्या मधोमध ज्वारी गोल आडवी झालेली. खालून काही दिसत नाही, डोक्यावर उंच पीक आहे. वरून मात्र ताट ठेवल्यासारखं रिंगण, आणि बरोबर मधी सहा-सात धाटं हिरवीगार उभी.

चुलतभाऊ लग्नाचं शूटिंग करतो. त्यानं ड्रोननं व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर गेला आणि आता रोज माणसं येतात. आसपासची चांगली ज्वारीसुद्धा तुडवली. दोघं सांगतात की चार दिवस आधी संध्याकाळी आभाळात दिव्यांची रांग पाहिली. एकानं "जागा भारलीय, अकरा हजारांत उतारा करून देतो" म्हटलं. आजीनं दोन दिवस नीट जेवण केलेलं नाही. खरंखोटं कसं ठरवायचं, कुठून सुरुवात करू?

अवकाशवेडा
दिव्यांच्या रांगेबद्दल सांगतो. ठिपके एकाच रेषेत, न लुकलुकता, आवाज न करता सरकत गेले असतील तर ते स्टारलिंकचे उपग्रह असण्याची शक्यता फार मोठी. सोडल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस ते एकामागं एक जातात आणि सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी चमकतात. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी राज्यभर लोकांनी जळत जाणारे गोळे पाहिले होते. चंद्रपूरकडं सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. रॉकेटचे अवशेष होते ते. पाहणाऱ्यांकडून तारीख, वेळ आणि दिशा घेऊन कळवा, त्या दिवशी काय गेलं ते तपासून सांगतो.

शोधक_७७
सगळंच उपग्रहावर ढकलू नका. इंग्लंडातल्या रिंगणांत धाटांची पेरी वाकलेली, लांबलेली सापडली आहेत. फळीनं दाबून तसं होतं का?

साखळीवाला
मी जमीन मोजणीत ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून असल्या गोष्टींचा माग काढतो, कारण लोक घाबरलेले असतात आणि कुणी रानात उतरून बघत नाही.

शोधक, पेऱ्याचं आधी. हिरवं धाट आडवं झालं की ते पेऱ्यापाशी स्वतःहून वर वळतं, कारण पेऱ्याची खालची बाजू जास्त वाढते. वादळानं पडलेल्या गव्हात चार दिवसांनी बघा, तेच दिसेल. इंग्लंडात डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली या दोन मित्रांनी १९७० च्या दशकात अशी रिंगणं करायला सुरुवात केली. फळी, दोरी आणि सरळ रेषेसाठी टोपीला लावलेली तार, एवढंच सामान. १९९१ मध्ये त्यांनी वर्तमानपत्राला सगळं सांगितलं आणि पत्रकारांसमोर रिंगण करून दाखवलं. एका नावाजलेल्या अभ्यासकानं ते माणसाचं काम नाही, खरं रिंगण आहे असं ठरवलंसुद्धा. पण त्यांचं रान म्हणजे गहू आणि बार्ली, कमरेएवढं, वाकणारं. तिकडं ट्रॅक्टरच्या चाकांच्या वाटा रानातून जातात, त्यांतून माग न ठेवता आत शिरता येतं. आपली मालदांडी फळीखाली दबत नाही, काडकन मोडते. म्हणून तिकडचं उत्तर उचलून इकडं लावायचं नाही.

भीमाकाठ, तुम्ही दोन कामं करा. पहिलं, आडवी पडलेली पाच-सहा धाटं जमिनीलगत धरून विळ्यानं उभी चिरा. माणसानं मोडलेल्या धाटाचा गाभा पांढरा, ओला असतो. आत नुसते सुटे धागे असतील आणि त्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके असतील, तर तो खडखड्या. जमिनीतली बुरशी आहे ती. दाणा भरताना ओल तुटली आणि ऊन वाढलं की ती बुंध्यात शिरते, धाट पोकळ होतं आणि एका वाऱ्यात आडवं होतं.

दुसरं, मधल्या उभ्या धाटांपाशी खुंटी ठोका, दोरी लावा आणि आठ दिशांना कडेपर्यंत अंतर मोजा. दोरी फिरवून केलेलं रिंगण आठही बाजूंना दोन-चार बोटांच्या फरकानं सारखं येतं. जमिनीनं केलेलं कधी सारखं येत नाही. वरून सगळंच गोल दिसतं, ड्रोनवर विश्वास ठेवू नका.

मग राहतो प्रश्न, तेवढ्याच जागेला ओल का कमी पडली? हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तिथं पूर्वी काय होतं? मी हे विचारायला एकदा विसरलो. बार्शीकडं एका रानात तुरीचं हिरवं कच्च कडं निघालं होतं, बाकी तूर वाळलेली. मी ते कुणीतरी मुद्दाम पाणी घालून केलंय असं ठरवलं आणि शेजारच्या पोराचं नावही घेतलं. तीन आठवड्यांनी कळलं की तिथं जुनी विहीर बुजवलेली होती. त्या पोराला गावानं काय काय ऐकवलं असेल! मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, तरी ते अजून टोचतं. म्हणून सांगतो, आत्ताच कुणावर संशय घेऊ नका.

आणि अकरा हजारवाल्याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून द्या. आजीला घेऊन बसा, ते जास्त महत्त्वाचं.

भीमाकाठ
काका, केलं. नऊ धाटं चिरली. सातांत तुम्ही म्हणालात तशीच काळी पूड, बोटाला लागते. काठाबाहेरची चार चिरली, ती पांढरी. दोरीनं मोजलं तर अंतर कुठं १९ फूट, कुठं २४. ओढ्याच्या अंगाला सगळ्यात जास्त.

मग आजीजवळ बसलो. विचारल्यावर ती एकदम उठून बसली. "अरे, ते आपलं खळं!" म्हणाली. मळणी यंत्र गावात यायच्या आधी तिथंच मळणी व्हायची. दरवर्षी पाणी मारून चोपून चोपून जमीन दगडासारखी करायची, मग शेणानं सारवायची. माझ्या जन्माआधी आजोबांनी ते नांगरून रानात घेतलं. मी तिथं पहार मारून पाहिली, वीतभर खाली टण्ण आवाज येतो. बाहेर दोन हात सहज जाते.

मधल्या धाटांचं कोडं राहिलं होतं. आजी म्हणाली, तिथं मेढ होती, म्हणजे खळ्याचा मधला खांब. मळणीला जुंपलेल्या बैलांची पात तिच्याभोवती फिरायची. त्या जागी पहार कोपरापर्यंत मऊ जाते.

तिला माळ्यावर चढवता येत नाही, म्हणून ड्रोनचा व्हिडिओ दाखवला. तिनं पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, इथनं वारा यायचा, आम्ही उफणायला इकडं उभ्या राहायचो. काल रात्री ती पोटभर जेवली.

साखळीवाला
मेढीच्या जागची धाटं पिकेपर्यंत काढू नका. मी शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मोहोळला येतोय, साखळी घेऊन. आजींना सांगा, खळ्याची कड त्यांच्याकडूनच आखून घेणार आहे.