मदत हवी: मोठा मासा लागला की गळाची गाठ सुटायली

पूर्णाकाठ
येलदरी धरणाच्या बॅकवॉटरला आज तिसऱ्यांदा असंच झालं. कटला मासा लागला, काठी वाकली, दोन मिनिटं झुंज दिली अन् एकदम ढिली. तंगूस (नायलॉनचा दोरा) हातात, गळ गायब. मासा तोंडात गळ घेऊन फिरतोय याचंच जास्त वाईट वाटतं. पक्की गाठ कोणती ते सांगा. रविवारी परत जायचंय, जरा लवकर सांगा.

नाथसागर४०
तंगूस किती एमएमचा? गळ कितीचा? सध्या गाठ कशी मारता? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मरळवेडा_नांदेड
पालोमार गाठ मारा, विषय संपला. तंगूस दुहेरी करून गळाच्या भोकातून काढा, त्याची सैल साधी गाठ मारा, मग पुढच्या फासातून अख्खा गळ पार करा. ओला करून ओढा. मी विष्णुपुरी धरणावर मरळ याच गाठीवर काढतो.

गोदातीर
पालोमारला तंगूस फार खर्च होतो, अन् लांब दोरावर दोन गळ असले की फासातून गळ काढताना गुंता होतो. क्लिंच गाठ बरी. भोकातून टोक काढून मुख्य तंगुसाला पाच वेढे द्या, टोक भोकाजवळच्या छोट्या फासातून घ्या, मग तयार झालेल्या मोठ्या फासातून परत.

मरळवेडा_नांदेड
विणलेल्या दोऱ्यावर तुमची क्लिंच घसरते. स्वतः भोगलंय.

गोदातीर
त्यांनी तंगूस लिहिलंय, विणलेला दोरा नाही. प्रश्न वाचा की आधी.

बीडचा_भाऊ
होडी खुंट्याला बांधायची असेल तर दोन उलटे वेढे घालून अडकवा. बांधायला अन् सोडायला सोपी, पण ओढ कमी-जास्त होत राहिली तर सैल पडू शकते.

पूर्णाकाठ
होडी नाही माझ्याकडं. तंगूस ०.४० चा, गेल्याच महिन्यात घेतलाय. गाठ साधीच, एकावर एक तीन. दुकानदारानं खराब माल दिला का?

नाथसागर४०
दुकानदाराला दोष देऊ नका. तुटलेलं टोक बघा. खरबरीत किंवा चपटं असेल तर तंगूस तुटला किंवा दगडाला घासला. स्प्रिंगसारखं गोल वळलं असेल तर गाठ घसरली.

पूर्णाकाठ
आत्ता बॅगेतून काढून बघितलं. तिन्ही टोकं स्प्रिंगसारखी, पेनाच्या रिफिलला गुंडाळल्यासारखी.

नाथसागर४०
मग गाठच घसरायली. नायलॉन गुळगुळीत असतं, साध्या गाठीला पकड बसत नाही. आणखी एक, कोरडी गाठ झटक्यानं आवळली की घर्षणानं तंगूस तापतो अन् तिथंच कमजोर होतो. थुंकी लावा, पाण्यात बुडवा, काहीही करा, पण ओली करूनच सावकाश आवळा. टोक पाच-सहा एमएम ठेवून कापा, अगदी बुडाशी नको.

पूर्णाकाठ
पालोमार मारायला बसलो, पण भोकातून काढा म्हणता, माझ्या गळाला भोक कुठंय? बूड चपटं आहे, ठोकून पसरवल्यासारखं.

मरळवेडा_नांदेड
अहो हेच आधी सांगायचं ना! भोकच नाही तर पालोमार कशी बसणार?

गोदातीर
क्लिंचही गेली. चपट्या बुडाच्या गळाला दांडीवरच बांधणी लागते. तंगूस दांडीला समांतर धरा, टोकाकडून दांडीलगत मोठा फास करा. त्या फासातून मोकळं टोक दांडी अन् तंगूस दोन्हींवरून सात वेढे फिरवा. वेढे एकमेकाला खेटून, एकावर एक चढू देऊ नका. ओलं करा, आधी मोकळं टोक ओढा, मग मुख्य तंगूस ओढून बांधणी चपट्या बुडापर्यंत सरकवा. मुख्य तंगूस चपट्या भागाच्या आतल्या बाजूनं, म्हणजे गळाचं टोक ज्या बाजूला वळलंय तिकडून निघायला हवा. पाठीकडून निघाला तर धारेला घासतो.

मरळवेडा_नांदेड
एवढी मेहनत कशाला? भोकाचा गळ घ्या.

गोदातीर
आमच्या आजोबांनी आयुष्यभर चपट्या बुडाचे गळ वापरले. दोष गळाचा नाही.

पाणपक्षी_संभाजीनगर
एक विनंती, कापलेले तुकडे काठावर टाकू नका, खिशात घाला. आमचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पक्षी अभयारण्य आहे. तंगूस पायात अडकलेला बगळा मी माझ्या हातानं सोडवलाय. पायात इतका खोल रुतला होता की कात्रीचं टोक आत घालावं लागलं. आणि बऱ्याच जलाशयांवर मासेमारीचा हक्क मच्छीमार सोसायटीचा असतो. परवानगी आहे ना?

पूर्णाकाठ
सोसायटीवाल्यांना विचारूनच बसतो. तुकडे आजपासून डबीत.

नाथसागर४०
रविवारची वाट बघू नका, घरीच तपासा. गळ चौकटीच्या खिळ्यात अडकवा, तंगुसाला बादली बांधून पाच लिटर पाणी भरा. बादली हळू सोडा, तोंड बाजूला ठेवा, सुटलेला गळ डोळ्यात जातो.

पूर्णाकाठ
केलं. पहिल्या बांधणीत वेढे एकमेकावर चढले होते, बादली लगेच खाली. दुसऱ्यात टोक फार बारीक कापलं, तेही घसरलं. तिसरी बांधणी दहा मिनिटं टिकली, बादली तशीच लटकलेली आहे. तंगूस गाठीजवळ पांढराही पडला नाही. गोदातीर, तुमचे सात वेढे मोजून मारले. अशा चार बांधून ठेवतो.

जिंतूरकर
रविवारी येलदरीला चाललाच आहात तर पाणी कुठवर आलंय तेवढं बघून कळवा. आमच्या शिवारातल्या विहिरी त्याच्यावरच आहेत.