बारावी फिजिक्स प्रोजेक्ट: मॉडेल नको, प्रयोग सुचवा

कोथरूडची_बारावी
वर्गात अर्ध्या पोरांनी हायड्रॉलिक लिफ्ट घेतलीय नाहीतर लेझर अलार्म. मला घरी जमेल, कमी पैशात होईल आणि व्हायवाला तोंड उघडता येईल असं काहीतरी हवंय. साध्या दोलकाने पुण्यातला जी (गुरुत्व त्वरण) काढू का? ९.८१ नाही आला तर?

पेठेतला_मास्तर
अगं ९.८१ इथे येणारच नाही, आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, पुण्यात साधारण ९.७८. पण हा फरक ०.३ टक्के, आणि एक मीटरच्या दोलकाच्या २० आंदोलनांना ४० सेकंद लागतात, त्यात स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले की जी एक टक्क्याने हलतो. म्हणजे ‘पुण्याचा जी सिद्ध केला’ लिहिलंस की एक्स्टर्नल परीक्षक तिथेच धरणार.

त्यापेक्षा जुनी सीडी घे. तिच्यावरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे ग्रेटिंगच की, जवळजवळच्या रेघांनी उजेड ठराविक कोनांत फाकवणारी पट्टी. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लाल लेझर सीडीवर सरळ मार, मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यावर ठिपके पडतील. सीडी २० सेंमीवर असेल तर ते मधल्यापासून ९ सेंमीच्या आसपास. त्यावरून लेझरची तरंगलांबी काढ, लेझरच्या स्टिकरवर नुसतं ६३० ते ६८० नॅनोमीटर छापलेलं असतं. आणि खरी मजा पुढे, तोच लेझर डीव्हीडीवर मारून तिच्या रेघांचं अंतर काढ, ०.७४ मायक्रॉनच्या जवळ यायला हवं. उजेड परत तुझ्याकडेच येतो, डोळा त्या रेषेत नको.

टेकडीवाला
सीडी मस्तच, पण नळीतून लोहचुंबक सोडायचा प्रयोग बघायला भारी. एसीवाल्याकडे तांब्याच्या नळीचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर देतो. त्यात चुंबक तरंगत खाली येतो, पीव्हीसीत धाडकन पडतो.

पेठेतला_मास्तर
बघायला भारी हो, पण मोजणार काय? एकच वेळ लिहून प्रोजेक्ट होत नाही. वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या मिळाल्या तर ठीक.

कोथरूडची_बारावी
सीडी फायनल! घरात लग्नाच्या डीव्हीडी पडल्यात 😄 लेझर कुठे मिळेल?

टेकडीवाला
तापकीर गल्लीत विचार. आणि डीव्हीडी जवळ ठेव, १० सेंमीवरच ठिपका १८ सेंमी लांब जातो, छोटा पुठ्ठा पुरणार नाही. लग्नाची घ्यायच्या आधी आईला विचार मात्र.