गावातल्या शिबिरात नुसते एकूण कोलेस्टेरॉल तपासून उपयोग होतो का?

सोसायटी_तासगाव

नमस्कार. 29 सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाच्या निमित्ताने तासगाव तालुक्यातील आमच्या गावात विकास सोसायटी आणि गणेश मंडळ मिळून कोलेस्टेरॉल तपासणीचे शिबिर घेण्याचे घाटत आहे. एका प्रयोगशाळेने बोट टोचून केवळ एकूण कोलेस्टेरॉल पाहण्याचा प्रस्ताव दिला असून त्या खर्चात दोनशे लोकांची तपासणी होईल; पूर्ण लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीच्या निरनिराळ्या प्रकारांची तपासणी, करायचे म्हटले, तर तेवढ्याच पैशांत साठ जण जेमतेम बसतील. मंडळातील तरुणांचा कल अर्थातच दोनशेकडे आहे. त्यातच त्या सुमारास द्राक्षबागांची फळछाटणी सुरू असते, त्यामुळे माणसे उपाशीपोटी येऊन रांगेत थांबतील याची खात्री वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिरजेचा_फिजिशियन

साठ जणांचेच करा, पण ते साठ जण निवडून बोलवा.

समजा, एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाचे एकूण कोलेस्टेरॉल 190, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 32 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा आणखी एक प्रकार) 240 आहे. एकूण आकडा 200 च्या आत असल्यामुळे तो निर्धास्त होऊन घरी जाईल. प्रत्यक्षात एकूण आकड्यातून एचडीएल वजा केले की 158 उरतात, आणि हा नॉन-एचडीएल आकडा कमी जोखमीच्या माणसातसुद्धा 130 च्या आत असायला हवा. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त ही जोडी आपल्याकडे इतक्या वेळा दिसते की, नुसत्या एकूण आकड्यावर विसंबणारे शिबिर नेमक्या अशाच माणसांना खोटा दिलासा देऊन परत पाठवते. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका साधारण 53 व्या वर्षी, तर इतर देशांतील रुग्णांना 59 च्या आसपास आलेला आढळला होता.

उपाशीपोटी येण्याचा आग्रह धरू नका. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी न्याहारीनंतर केली तरी चालते. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले, तर मात्र एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) काढण्याचे नेहमीचे सूत्र लागू पडत नाही आणि तेवढ्यांनाच पुन्हा उपाशीपोटी बोलवावे लागते. याच सूचनांमध्ये प्रत्येकाची पहिली तपासणी अठराव्या वर्षी व्हावी असे म्हटले आहे, पण तुमचा निधी मर्यादित असल्यामुळे ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला आहे, ते आधी घ्या. त्यानंतर मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखूवाले. एखाद्याचे एलडीएल 190 किंवा त्याहून अधिक निघाले, तर तो दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून त्याची भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्यावी. असा माणूस सडपातळ आणि शाकाहारी असू शकतो, हे मंडळाच्या मुलांना आवर्जून सांगा.

वाळवा_आशाताई

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली निवड करण्यासाठी वेगळे सर्वेक्षण करण्याची गरज नाही. तिशीच्या पुढील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांची जोखीम गुणांनी मोजणारा तक्ता, आम्ही आशा घरोघरी जाऊन भरतो. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घराण्यातील आजार यांची नोंद असते आणि कमरेचा घेरही असतो. पुरुषांचा 90 आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या वर गेला की गुण वाढतात. पुढे उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर पाहिली जाते. कोलेस्टेरॉल मात्र या पायरीवर पाहिले जात नाही, त्यामुळे तुमच्या शिबिराने ती उणीव भरून निघेल. आपल्या गावच्या आशाताईंना बैठकीला बोलवा.

एक सुचवावेसे वाटते. मंडपात शिबिर ठेवले की पुरुषच येतात. बायका बचत गटाच्या बैठकीला न चुकता येतात, तेव्हा तिथेच रक्त घेण्याची सोय करावी. त्यांना तंबाखू खाता का असे विचारले तर नाही म्हणतील. मिश्री लावता का असे विचारा, म्हणजे खरे उत्तर मिळेल.

कृष्णाकाठचा_नागरिक

हे सगळे योग्यच आहे, तरीही माझे मत थोडे कडवट आहे. आमच्याकडे झालेल्या एका शिबिरात फोटो काढले गेले, बातमी छापून आली आणि अहवाल मात्र कित्येक आठवडे कार्यालयाच्या कपाटात पडून राहिले. मंडपाच्या दारातच एक जण ‘रक्तवाहिन्या साफ करणारे’ चूर्ण विकत होता, त्याची विक्री मात्र जोरात झाली. अहवाल वाचून दाखवायला डॉक्टर कोणत्या तारखेला बसणार आहेत, हे ठरल्याशिवाय कोणाचेही रक्त घेऊ नये.

सोसायटी_तासगाव

सर्वांचे आभार. साठ जणांवर एकमत होईल असे दिसते. अहवालानंतर गोळी सुरू झालेल्यांना पुन्हा केव्हा बोलवावे?

मिरजेचा_फिजिशियन

कृष्णाकाठच्या मित्राशी मी पूर्ण सहमत आहे. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांत एलडीएल पुन्हा पाहतात, तेव्हा नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरून चाला. दुसरा अहवाल चांगला आला की ‘आता बरे झाले’ म्हणून लोक गोळी बंद करतात. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो आणि ती स्वतःहून थांबवली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो, हे त्या वेळी घरच्यांच्या समक्ष सांगावे लागते.

शिबिराच्या फलकावर आणखी एक गोष्ट ठळक लिहा. छातीत दडपण येऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. 108 ला फोन करून जिथे ईसीजी निघेल तिथे तातडीने जावे. कोलेस्टेरॉलचा अहवाल चांगला असलेल्या माणसालाही हे तितकेच लागू आहे.